विसरण्याच्या आजाराची छायाचित्रे

आमच्या शहापूर-मुरबाडकडे म्हातारे माणूस विसरायला लागले की लोक फार खोलात जात नाहीत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. उर्दू बोलणारे ‘सठिया गए’ म्हणतात. कुणी असर झाला म्हणून दर्ग्यावर नेतो, कुणी तावीज आणतो. डॉक्टरकडे न्यायचे सर्वांत शेवटी सुचते, आणि सुचले तरी ‘या वयात आता काय करायचे’ या प्रश्नाशी गाडी अडते. माझ्या दादीच्या बाबतीत आम्हीही हेच केले. त्यामुळे जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याची विद्या कशी जन्मली हे वाचताना मला त्यात आमच्या घरातले एक भांडण सारखे दिसत राहिले. ते आधी सांगते.

दादीचे माहेर मुरबाडचे. लग्न होऊन शहापूरला आली त्याला पन्नासावर वर्षे झाली होती. २०१४ च्या सुमारास ती असरच्या नमाजनंतर कपड्यांचे बोचके बांधू लागली. “मुरबाडला जाते, बाबा वाट बघत असतील,” म्हणायची. तिचे वडील वारून तीस वर्षे झाली होती. एकदा ती एस.टी. स्टँडवर किन्हवली-सरळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसलेली सापडली. लहानपणी वडिलांनी म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या बैलांची नावे तिला पाठ होती, पण सकाळी काय खाल्ले ते आठवत नसे. जोहरची नमाज ती तीन-तीन वेळा पढायची. इथवर सगळे हसण्यावारी गेले. मग तिच्या सोन्याच्या पाटल्या हरवल्या आणि तिने अम्मीवर आळ घेतला. चार दिवसांनी पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. तिनेच त्या तिथे ठेवल्या होत्या. पण त्या चार दिवसांत जे बोलले गेले ते कुणालाही परत घेता आले नाही. मोठ्या फुफीने आमच्याकडे येणे बंद केले. अम्मी दादीला जेवण वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही.

ही अवस्था माणसाला नवी नाही. कुराणात सूरह नहल आणि सूरह हज या दोन्ही ठिकाणी ‘अर्जलुल उम्र’चा उल्लेख आहे. जाणते झालेले माणूस पुन्हा अजाण होते, ते वय. बुखारी शरीफमध्ये या वयापासून पनाह मागणारी दुआ आहे. मेंदूच्या आत नेमके काय बिघडते हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते. इब्न सीनाने (९८० ते १०३७) मनाच्या वेगवेगळ्या शक्ती मेंदूतील पोकळ्यांत वाटून दिल्या होत्या आणि हाफिजा म्हणजे स्मरणशक्ती सर्वांत मागच्या पोकळीत ठेवली होती. या पोकळ्यांत पाणी असते, स्मृती नसते, हे आज आपल्याला माहीत आहे. पण इब्न सीनाला हसण्याचे कारण नाही. जिवंत मेंदूची पहिली छायाचित्रे निघाली तीही या पोकळ्यांचीच होती.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. आमच्या भागातली कित्येक ‘वेडी’ म्हातारी माणसे गेल्या शतकात तिथे पोचली असतील. त्याच १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफर्टच्या अशाच एका रुग्णालयात ऑगस्ट डीटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिच्या आजाराची सुरुवात संशयाने झाली होती. नवऱ्यावर ती नको तो संशय घेऊ लागली, मग वस्तू लपवू लागली, मग साधे प्रश्नही तिला उमगेनात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. पाटल्यांची गोष्ट आमच्या घरापुरती नव्हती तर!

तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव आलोइस अल्झायमर. ते तिच्याशी बोलत, प्रश्न विचारत आणि उत्तरे लिहून ठेवत. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप करून त्यांना चांदीच्या क्षारांचा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदू आक्रसला होता. पेशींच्या बाहेर काही थर साचले होते आणि आत धाग्यांचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे त्यांनी हे मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. ऑगस्ट डीटरची ती जुनी फाईल १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्येच पुन्हा सापडली.

यातली अडचण लक्षात घ्या. आजाराची खात्री करायची तर रोगी मरावा लागे. पुढची कित्येक दशके हे असेच चालले. क्ष-किरण १८९५ मध्ये राँटगेन यांनी शोधले होते, पण क्ष-किरणांना कवटीचे हाड दिसते, आतला मऊ मेंदू दिसत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये एक युक्ती काढली. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरायची आणि मग क्ष-किरणांचे चित्र घ्यायचे. हवा काळी दिसते, त्यामुळे पोकळीचा आकार कळतो. पोकळी फुगलेली असेल तर भोवतालचा मेंदू आक्रसला आहे किंवा आत पाणी तुंबले आहे असे समजायचे. पुढच्याच वर्षी त्यांनी कवटीला भोक न पाडता पाठीच्या मणक्यातून हवा सोडण्याची पद्धत आणली. रोग्याचे हाल विचारू नका. भयंकर डोकेदुखी, उलट्या, आणि हवा हव्या त्या जागी जावी म्हणून त्याला वेगवेगळ्या दिशांनी कलते करत. १९७० च्या दशकापर्यंत ही तपासणी चालू होती. विसरभोळ्या म्हाताऱ्याला कोण या यातनेत घालणार? सठिया गए म्हणणे त्यामानाने दयेचेच.

हे बदलले ते एका गाण्याच्या कंपनीत. एच.एम.व्ही.च्या ज्या तबकड्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी रफी साहेबांची गाणी ऐकली, ती कंपनी इंग्लंडमधील ई.एम.आय.ची. तिथले अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी विचार केला की क्ष-किरण एकाच बाजूने सोडण्याऐवजी डोक्याभोवती फिरवून सर्व बाजूंनी सोडले आणि संगणकाने हिशेब मांडला, तर आतल्या प्रत्येक ठिकाणची घनता काढता येईल. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याचा मेंदू असा पाहिला गेला. हाच सी.टी. स्कॅन. १९७९ चे नोबेल हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळून दिले गेले. हवा नाही, भोक नाही. रोग्याने फक्त पडून राहायचे.

सी.टी. स्कॅनने अल्झायमरचा निकाल लागतो असे नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. विसरायला लागलेल्या प्रत्येक माणसाला अल्झायमर नसतो. काहींच्या मेंदूत गाठ असते. काहींना रक्तदाब-मधुमेहामुळे लहान लहान झटके येऊन गेलेले असतात. काहींच्या पोकळ्यांत पाणी तुंबलेले असते. हा शेवटचा प्रकार कोलंबिया देशातील सालोमोन हकीम या डॉक्टरांनी ओळखला, १९६५ मध्ये तो जगापुढे आला. हकीम हे नाव वाचून मी चमकले. त्यांचे घराणे मूळचे लेबनॉनचे. या आजारात माणूस पाय जमिनीला चिकटल्यासारखा चालतो, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरतो. बारीक नळी बसवून जादा पाणी काढून दिले तर यातले कित्येकजण सुधारतात. अशा किती म्हाताऱ्यांना आपण ‘आता वय झाले’ म्हणून कोपऱ्यात बसवले असेल कोण जाणे.

आमच्याच घरात २०१७ साली असे घडता घडता राहिले. मुरबाडचे अब्बांचे मामू, म्हणजे दादीचे धाकटे भाऊ, पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरले. डोक्याला टेंगूळ आले, हळद लावली, विषय मिटला. पाच-सहा आठवड्यांनी ते असंबद्ध बोलू लागले, दिवसभर झोपू लागले, एक पाय ओढू लागले. सगळे म्हणाले, बहिणीचाच आजार भावाला लागला. दादीचे सगळे पाहून झाले होते म्हणून आम्ही हट्ट धरला आणि त्यांना कल्याणला नेऊन सी.टी. स्कॅन केला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचून राहिले होते. कवटीला भोक पाडून ते काढले. चौथ्या दिवशी मामूंनी विचारले, “भाताची आवणी उरकली का?”

दादीचे सगळे पाहून झाले म्हणजे काय, ते आता सांगते. २०१६ मध्ये अम्मीने भिशीचे पैसे उचलले आणि दादीला मेंदूच्या डॉक्टरकडे नेले. ज्या सासूने चोर म्हटले तिच्यासाठी अम्मीनेच पैसे काढले, हे मुद्दाम नोंदवते. डॉक्टरांनी आधी बराच वेळ आम्हांलाच प्रश्न विचारले. कधीपासून, आधी काय विसरली, वाट चुकते का, स्वयंपाकाचा क्रम चुकतो का. रक्तातले बी-१२ आणि थायरॉइड तपासले, कारण त्यांची कमतरताही विसरायला लावते आणि तिच्यावर औषध आहे. मग एम.आर.आय. सांगितला.

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. शक्तिमान चुंबकात त्याचे कण एका दिशेला वळतात, रेडिओ लहरींनी त्यांना ढकलले की परत येताना ते संदेश देतात, त्या संदेशांवरून चित्र बनते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये ही वाट दाखवली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली. दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. चुंबक असल्यामुळे अंगावर धातू चालत नाही. आणि इथेच आमची पंचाईत झाली. दादीने पाटल्या काढायला साफ नकार दिला. आधीच एकदा चोरीला गेल्या होत्या ना! ओढणीची पिन काढली, कानातले काढले, पण पाटल्यांना हात लावू देईना. शेवटी अम्मी म्हणाली, “अम्मा, मी बाहेर थांबते. पाटल्या नातीच्या हातात घाला.” तेव्हा कुठे त्या माझ्या हातात आल्या. आत यंत्राचा ठकठक आवाज सुरू झाला तशी दादी मोठ्याने आयतुल कुर्सी पढू लागली. पढताना हनुवटी हलते, हनुवटीबरोबर डोके हलते, आणि चित्र पुसट येते. तंत्रज्ञ मुलगा बिचारा “आजी, हलू नका” म्हणत राहिला. दुसऱ्या खेपेला मी तिला सांगितले की दिल में पढो, तेव्हा चित्र आले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि कानांच्या आतल्या बाजूला, समुद्री घोड्याच्या आकाराचा मेंदूचा एक छोटा भाग दाखवला. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या आठवणी तिथून पक्क्या होतात. हा भाग किती आक्रसला ते शून्य ते चार अशा अंकांत मोजण्याची पद्धत नेदरलँड्सच्या फिलिप शेल्टन्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दिली. दादीचा अंक तीन होता. डॉक्टर म्हणाले, पाटल्या ठेवल्याची नोंदच त्यांच्या मेंदूत झाली नाही. त्यांच्या दृष्टीने पाटल्या होत्या आणि मग नव्हत्या. मधले काही घडलेच नाही. अशा वेळी माणसाला एकच अर्थ लागतो, की कुणीतरी नेल्या.

अम्मीने फक्त एवढे विचारले, “म्हणजे अम्मांना खरंच आठवत नव्हतं?”

घरी आल्यावर तिने फुफीला फोन लावला. ती फिल्म पुढे फुफीने, चाचांनी, शेजाऱ्यांनी खिडकीपाशी धरून पाहिली. कुणाला काय कळले असेल देव जाणे, पण भांडण त्या दिवशी मिटले. नमाजबद्दल मौलाना साहेबांना विचारले तर त्यांनी सांगितले की अक्ल हीच जबाबदारीची अट आहे. ती गेली की हिशेब नाही, कितीही वेळा पढू द्या.

पैसे आणि अंतर यांमुळे पुढची एक तपासणी आम्ही केली नाही, ती म्हणजे पेट स्कॅन. सी.टी. आणि एम.आर.आय. मेंदूचा आकार दाखवतात. पेट स्कॅन मेंदू काम किती करतो ते दाखवतो. मेंदूचे खाणे म्हणजे ग्लुकोज. ग्लुकोजसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून तो शिरेतून दिला की मेंदूचा जो भाग कामात आहे तो उजळतो आणि जो मंदावला आहे तो काळवंडतो. हा पदार्थ माणसाला पहिल्यांदा ऑगस्ट १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिला गेला. तो तयार झाला न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत आणि दोन निरोगी स्वयंसेवकांना दिला डॉ. अब्बास अलवी यांनी. अलवी इराणमधील तबरीजचे. आमच्या शाळेत विज्ञानातील मुसलमानांची नावे सांगायची वेळ आली की गाडी इब्न सीना आणि इब्न अल-हैसम यांच्यापाशी थांबते, जणू हजार वर्षे मध्ये कुणी झालेच नाही. मी आता मुलांना अलवींचे नावही सांगते.

अल्झायमरमध्ये मेंदूचे बाजूचे आणि मागचे भाग आधी काळवंडतात. स्वभाव बदलणारा, लाज-लिहाज सोडायला लावणारा दुसरा एक स्मृतिभ्रंश असतो, त्यात पुढचा भाग काळवंडतो. एम.आर.आय.वर शंका राहिली तर हा फरक उपयोगी पडतो. भारतातील पहिला पेट स्कॅन आपल्याच मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. फ्लोरिन-१८ ची शक्ती दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणून ते तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्रही तिथेच बसवावे लागले. आसनगावहून लोकलने परळला पोचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तानसा, वैतरणा, भातसाचे पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जाते. म्हाताऱ्याच्या डोक्याचे चित्र हवे असेल तर आम्हीही त्याच वाटेने जातो.

पुढची मजल म्हणजे अल्झायमर यांनी मेलेल्या मेंदूत पाहिलेले ते थर जिवंत मेंदूत पाहणे. पिट्सबर्गचे विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी थरांना चिकटणाऱ्या एका रंगापासून तसा पदार्थ बनवला. २००२ मध्ये स्वीडनमधील उपसाला येथे तो पहिल्या रोग्याला दिला आणि २००४ मध्ये सोळा रोगी व नऊ निरोगी माणसांची चित्रे प्रसिद्ध झाली. ऑगस्ट डीटरच्या मृत्यूनंतर जवळपास शंभर वर्षांनी! त्या पदार्थातला कार्बन-११ वीसच मिनिटांत निम्मा होतो. त्यामुळे फ्लोरिन-१८ चे पदार्थ आले आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्यांतल्या पहिल्याला मान्यता मिळाली.

पण चित्रावर सगळे सोपवता येत नाही. ज्यांची स्मृती शाबूत आहे अशा कित्येक वृद्धांच्या मेंदूतही हे थर सापडतात. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांतली एक एकशे एक वर्षांची होऊन वारली, शेवटपर्यंत तल्लख होती, आणि मेंदू उघडला तर थर भरपूर. म्हणून चित्राच्या आधी घरच्यांची हकिकत आणि प्रश्नोत्तरांची चाचणी लागतेच. त्यातही एक मेख आहे. जगभर वापरली जाणारी १९७५ ची फोल्स्टिन यांची चाचणी लिहायला-वाचायला येणाऱ्यांसाठी आहे. दादीला कुराण नाजिरा पढता येत होते, पण सही येत नव्हती. तिला ‘एक वाक्य लिहा’ म्हटले तर ती निरोगी असतानाही नापासच झाली असती. हे ओळखून हरियाणातील बल्लभगड येथे मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर खेडुतांसाठी हिंदी चाचणी तयार केली, १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगा, असे त्यात विचारतात. शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट मोठमोठ्या यंत्रांइतकीच मोलाची वाटते. परीक्षा चुकीची असेल तर नापास कोण झाले?

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रोग्यांचा अभ्यास मांडला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही. घरात कोकणी, मदरशात उर्दू, बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून बरे वाटेल. दादी तिन्ही बोलायची. तरी तिला व्हायचे ते झाले. कदाचित उशिरा झाले असेल.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासली असल्याचा अंदाज आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. यंत्रे मात्र शहरात. त्याच २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतले थर कमी करते, आजार बरा करत नाही, त्याचा वेग थोडा कमी करते. ते देण्याआधी थर असल्याचा पुरावा लागतो आणि देताना मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला वरचेवर एम.आर.आय. लागतो. मे २०२५ मध्ये थरांचा अंदाज देणाऱ्या एका रक्ततपासणीला अमेरिकेत परवानगी मिळाली. रक्ताची नळी शहापूरहून कुरिअरने जाऊ शकते, दादीला पाटल्या काढाव्या लागल्या नसत्या. मामूंच्या डोक्यात साचलेले रक्त मात्र त्या तपासणीत दिसले नसते. त्याला सी.टी. स्कॅनच हवा.

दादी २०१९ मध्ये वारली. शेवटच्या दोन वर्षांत तिने कुणालाच ओळखले नाही, पण सूरह फातिहा कुणी सुरू केली की ती पुढे पढायची. असरनंतर बोचके बांधायला लागली की अम्मी तिला म्हणायची, “अम्मा, शेवटची गाडी गेली, उद्या सकाळी जाऊ.” मग दोघी बोचके सोडून कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या.